चौकटीबाहेरचं चित्र

हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं बाजाराचं गाव. एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला मोखाडा आणि जव्हार, पलीकडे गुजरातची हद्द. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. शेती भाताची, नागलीची, वरईची. या पाड्यांवरचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा द्यायचा, सणाला किंवा लग्नाला वरून गेरूचा हात फिरवायचा. आता घरकुल योजनेतून पक्की घरं उभी राहतात, आणि ती राहायलाच हवीत. पावसाळ्यात कुडाच्या घरात काय हाल होतात, हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावं. पण त्या कुडाबरोबर एक चित्रही जातं. तांदळाच्या पिठाची रेघ शेणामातीच्या खरबरीत अंगात जशी मुरते, तशी सिमेंटच्या रंगवलेल्या भिंतीवर धरत नाही.

भिंत गेली तर चित्रानं कुठे जायचं, हा प्रश्न आज हरसूलच्या पाड्यांवर उभा आहे. इथून पश्चिमेला, डहाणू तालुक्यात, तो पन्नास वर्षांपूर्वी एका माणसासमोर आला होता. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव घेताना आपण बहुधा पद्मश्री, परदेशवाऱ्या आणि 'वारली चित्रकलेचे जनक' अशी बिरुदं सांगून मोकळे होतो. यातलं शेवटचं तर चुकीचंच आहे. ही कला म्हशांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून बायकांच्या हातात होती. म्हशांनी तिच्यात नेमका काय बदल केला, त्यांचा हात कसा बदलत गेला, हे मात्र फार थोडे लोक पाहतात. मला ते पाहायचं आहे, कारण हरसूलला जो काही मार्ग सापडेल तो बिरुदांमधून सापडणार नाही, हातामधून सापडेल.

हरसूलहून म्हशांच्या गंजाडला जायचं तर मोखाडा, जव्हार, विक्रमगड, तलवाडा, कासा असा रस्ता धरावा लागतो. यातल्या तलवाड्याजवळ थोडं थांबणं भाग आहे. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तिथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरी भागातल्या झरी गावी किसान सभेची परिषद झाली होती, आणि वेठबिगारी करणार नाही असं वारल्यांनी जमीनदारांना ठणकावलं होतं. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे हा इतिहास मराठी वाचकाला माहीत आहे. त्यातली एक पद्धत चित्रकलेच्या चर्चेत कुणी आणत नाही. ती म्हणजे लग्नगडी. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडता फेडता नवरा-बायको दोघांनी आयुष्यभर त्याच्या घरी राबायचं. ज्या लग्नासाठी बायका रात्र जागवून भिंत रंगवत, तेच लग्न घराला गहाण टाकत असे. वारली चित्राला आपण 'आनंदी', 'निरागस' म्हणतो तेव्हा ही बाजू पुसली जाते. म्हसे 1934 साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मले. उठाव झाला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. पुढे ते गंजाडच्या कळंबीपाड्यावर आले आणि दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करत मोठे झाले.

त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. आई गेल्यावर पोरगा बोलायचा थांबला आणि कित्येक वर्षं जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगू लागला. गोष्टीत काही भर पडली असेल. पण तिच्यात एक महत्त्वाचं सत्य आहे. या मुलाला चित्र काढायला लग्न लागत नव्हतं. जमातीत तर चित्राचा संबंध प्रामुख्यानं लग्नाशी होता. घरात लग्न ठरलं की सवाशिणी आतल्या भिंतीवर लग्नचौक लिहीत. बांबूची काडी एका टोकाला चावून तिचा कुंचला करायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि रेघ ओढायची. ओली असताना ती रेघ नीट दिसतसुद्धा नाही. वाळू लागते तशी पांढरी होत वर येते. म्हणजे काढणारीला आपण काय काढतोय हे हाताच्या सवयीनं ठाऊक असावं लागतं, डोळा मागून पोचतो. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, कडेला पट्ट्यांवर पट्ट्या, आत चंद्र, सूर्य, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी ही बाई गाणी म्हणते, लग्न लावते. चौक लिहिला नाही तर लग्न नाही.

आणि चौकाच्या बाहेर? तिथे झाडं, माणसं, जनावरं, शेतात राबणारे, नाचणारे. ही सगळी मंडळी चौकटीच्या कडेनं, उरलेल्या जागेत यायची. मुख्य काम देवीचं. बाकीचं जग मोकळ्या भिंतीवर जमेल तसं. म्हशांच्या सगळ्या कामाकडे पाहताना मला ही मांडणी पुन्हा पुन्हा आठवते. त्यांनी वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांत नवं काही आणलं नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा राहणारा माणूस त्यांना परंपरेतूनच मिळाला. त्यांनी जागा बदलली. चौकटीबाहेरचं जग त्यांनी मध्यावर आणलं, आणि ते तिथे सामावून घेण्यासाठी पुढची चार दशकं आपला हात बदलत नेला.

याला निमित्त झाले भास्कर कुलकर्णी. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला, आणि दुष्काळात घरात चार पैसे आले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले. एकच माणूस, तोच कागद. पण दोन्हीकडे झालं ते अगदी वेगळं. मिथिलेतून बायकांची नावं पुढे आली. जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, मागोमाग सीता देवी, गंगा देवी. डहाणूत मात्र बायकांचा हात लग्नाच्या भिंतीपाशी थांबला, आणि कागद उचलला तो एका पुरुषानं, जो आधीपासूनच रोज चित्र काढत होता. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांची चित्रं लागली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार आला.

त्या सुरुवातीच्या कागदांवर भिंतीची सवय स्पष्ट दिसते. रेघ जाड, आकृत्या सुट्या, एकेका जागी ठाम उभ्या. चौक अजून चौकच आहे. पण कागदाला भिंतीसारखा कोपरा नसतो, चूल नसते, दार नसतं, आणि मुख्य म्हणजे मुहूर्त नसतो. लग्नचौक एका दिवसापुरता लिहायचा. पुढे धूर, पाऊस आणि पुढचा गिलावा त्याला पुसून टाकणार, हे धरूनच. कागदावरचं चित्र मात्र टिकतं, प्रवास करतं, परकी माणसं त्याच्या जवळ नाक नेऊन पाहतात. हे ध्यानात आलं तसा म्हशांचा हात बारीक होत गेला. काडीचं टोक निमुळतं झालं. झाडावर पानं एकेक करून येऊ लागली, शेकड्यांनी. गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळं काही करू लागला: एक कावड घेऊन वळतोय, एक झाडावर चढतोय, एकाचा पाय उचललेलाच आहे. स्थिर उभे राहणारे त्रिकोण कमरेत वाकले.

पुढे त्यांनी गोष्टी घेतल्या. वारल्यांच्या तोंडी परंपरेत कणसरी आहे, नारनदेव आहे, हिरवा आहे, वाघोबा आहे. भिंतीवर या दैवतांच्या कथा काढायची रीत नव्हती. त्या गाण्यात आणि सांगण्यात असत. म्हशांनी एकाच कापडावर गोष्टीतले वेगवेगळे क्षण पसरले. तोच माणूस एका कोपऱ्यात घरातून निघतो, मध्ये नदी ओलांडतो, पलीकडे त्याला कुणी भेटतं. क्रम सांगायला चौकटी नाहीत, आकडे नाहीत. बघणाऱ्यानं रेघेच्या वळणावरून वाट काढायची. लग्नचौकात सगळं एकाच पवित्र क्षणी थांबलेलं असतं. म्हशांच्या चित्रात वेळ शिरला. माझ्या मते त्यांच्या शैलीतला सर्वांत मोठा बदल हाच, आणि तो पुरस्कारांच्या यादीत कुठेच नोंदलेला नाही.

त्यांनी जाळ्याचा विषय पुन्हा पुन्हा घेतला. मासे पकडायचं जाळं. कापडाचा बहुतेक भाग एकच जाळं व्यापतं, आणि ते भरलेलं असतं बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी. जवळ जाऊन पाहिलं तर एकही घर दुसऱ्यासारखं नसतं. कुठे रेघ दाट, कुठे विरळ, कुठे हात क्षणभर थांबून पुढे गेल्याची खूण. दोन पावलं मागे आलं की हे सगळं पाण्यासारखं हलू लागतं, आणि कडेला दिसतो तो जाळं टाकणारा एवढासा माणूस. मध्यभागी आता देवी नाही. माणसाच्या हातचं एक रोजचं अवजार आहे. पण ते ज्या निष्ठेनं विणलंय त्यात चौक लिहिणाऱ्या सवाशिणीची शिस्त आहे. सगळं सतत हलतंय, माणूस, पाखरू, किडामुंगी, दिवस-रात्र, आणि आयुष्य म्हणजे हे हलणंच, असं म्हसे सांगत. जाळं पाहिलं की ते पटतं.

दुसरी गोष्ट जमिनीची, म्हणजे चित्राच्या पृष्ठभागाची. सुरुवातीला गेरू फासलेला कागद. मग कापड. आणि कापडावर त्यांनी शेण आणलं. बारीक करून, गाळून, एकसारखा हात फिरवून वाळवलेलं. त्यावर तांदळाच्या पिठाऐवजी टिकाऊ पांढरा रंग, कारण पिठाला कीड लागते आणि ते गळतं. बाजारात तयार लाल-तपकिरी कापड मिळत असताना हा खटाटोप का? कारण शेणाच्या अंगाला एकच सपाट रंग नसतो. कुठे हिरवट, कुठे मातकट, कुठे गवताचा तंतू तसाच राहिलेला. त्यावरची पांढरी रेघ किंचित अडते, आणि त्या अडण्यात जीव येतो. भिंत सुटली होती, पण भिंतीचं अंग त्यांनी कापडावर परत आणलं. परंपरा टिकवणं याचा याहून नेमका अर्थ मला माहीत नाही. देवीला संग्रहालयात नेऊन ठेवायचा अट्टहास त्यांनी केला नाही. लग्नचौक लग्नाला राहू दिला. जे नेता येण्यासारखं होतं तेवढं उचललं.

1989 मध्ये पॅरिसला 'माजिसियँ द ला तेर' हे मोठं प्रदर्शन भरलं. जगाच्या सगळ्या कोपऱ्यांतले शंभराहून अधिक कलावंत तिथे एका पातळीवर मांडायचा तो प्रयत्न होता. भारतातून म्हसे होते, मिथिलेच्या बउआ देवी होत्या, मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम होते. 2003 मध्ये इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग म्हशांच्या मुलखात आले. लाँग म्हणजे चालणं हीच कला मानणारा माणूस. मैलोन् मैल चालायचं आणि दगड, माती, चिखल यांनी जमिनीवर रेघा, वर्तुळं आखायची. दोघांचं काम जर्मनीत ड्यूसेलडोर्फच्या संग्रहालयात शेजारी शेजारी लागलं. एक माणूस मातीवर रेघ ओढत मोठा झालेला, दुसरा जगभर हिंडून मातीकडे आलेला. भाषेची अडचण होती, पण रेघेची नव्हती. 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. या सगळ्या काळात पत्ता मात्र कळंबीपाडाच राहिला. शेती चालू होती. सदाशिव आणि बाळू ही मुलंही चित्रकार झाली. 15 मे 2018 रोजी म्हसे गेले.

आता चौक लिहिणाऱ्या बायकांकडे वळतो, कारण त्यांच्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. म्हशांनी चौकटीबाहेरचं जग मध्यावर आणलं, पण त्यांच्यामागून जो बाजार आला त्यानं चौक लिहिणारीलाच चौकटीबाहेर ठेवलं. विक्रीची चित्रं मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हातात गेली. प्रदर्शनं, ओळखी, मुंबई-दिल्लीचे प्रवास हे सगळं घराबाहेर पडू शकणाऱ्याला जमणारं होतं. मिथिलेत गंगा देवी अमेरिकेला जाऊन आल्या तेव्हा तिथला रोलर कोस्टर, गाड्या, माणसं त्यांच्या चित्रात आली. पुढे कर्करोगाशी झुंजताना दिल्लीच्या हॉस्पिटलातला अनुभवही त्यांनी कागदावर उतरवला. वारली बाईला असा स्वतःचा काळ, स्वतःचं आजारपण, स्वतःचा प्रवास चित्रात आणायची संधी फार उशिरा आणि फार थोडी मिळाली. हा दोष म्हशांचा नाही. त्यांनी कुणाच्या हातातली काडी हिसकावली नाही. पण आज शाळांत, शिबिरांत आणि मॉलमध्ये 'वारली' शिकवणारे ज्या उत्साहानं एकट्या म्हशांची गोष्ट सांगतात, त्यात सवाशिणी आणि धवलेरी हरवतात, याची खंत वाटते.

बाजारानं आणखी एक गोष्ट केली. तारप्याचा नाच आता उशीच्या अभ्र्यावर, चहाच्या कपावर, रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर आणि लग्नपत्रिकेवर आहे. नाच तोच: मध्ये तारपावाला, भोवती हातात हात गुंफलेली साखळी. खऱ्या नाचात नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत, आणि तारपा वाजतो तो पीक हाती आल्यावर. छापील नाचात साखळी सरळ गोल होते, सगळी माणसं एकाच साच्यातून निघतात. म्हशांच्या चित्रात हीच साखळी ओढ घेते, सैल पडते, कुठे एखादा मागे राहतो. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामागे डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाची धडपड होती. जमातीच्या नावावर दुसऱ्यानं छापे मारू नयेत यासाठी हे आवश्यकच. पण कायदा नाव राखू शकतो. हलणारी रेघ राखणं हे काढणाऱ्याचं काम. गंजाडच्याच मयूर आणि तुषार वायेडा यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या कामात ती रेघ नव्या विषयांत शिरलेली दिसते. जपानच्या निगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियममध्ये जाऊन राहून काम करण्याची वाटही वारली चित्रकारांना मोकळी झाली आहे.

हरसूल या नकाशावर जवळपास नाही. वारली म्हटलं की डहाणू, तलासरी, जव्हार. नाशिक जिल्ह्यातले वारली पाडे बोलण्यात येत नाहीत. इकडच्या भागाची ओळख बोहाड्याची: मुखवटे, सोंगं, संबळ, रात्रभर चालणारी मिरवणूक. चित्राकडे मुलं वळतात ती आश्रमशाळेच्या भिंतीवर, आणि त्या भिंतींवर बहुतेक वेळा तोच छापील तारपा असतो. डहाणूच्या माणसानं पन्नास वर्षांपूर्वी चौकटीबाहेरचं स्वतःचं जग पाहून काढलं, आणि इथलं पोर डहाणूचं जग कपावरून पाहून काढतं. इथलं जग तर समोर आहे. भातकापणी संपली, दिवाळी झाली की हरसूल, पेठ, सुरगाण्याचे मजूर पिकअपमध्ये बसून गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे निघतात. द्राक्षाची छाटणी, विरळणी, डिपिंग, मग उन्हाळ्याच्या तोंडावर खुडा. घरची म्हातारी माणसं पाड्यावर, धाकटी पोरं आईबरोबर बागेत, मधली आश्रमशाळेत. जिल्ह्याच्या द्राक्षाचं कौतुक जगभर होतं. ते ज्या हातांवर उभं आहे ते हात या डोंगरातून येतात. एखाद्या घरात लग्नाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती कामातून फिटत असते. तलवाड्याच्या रस्त्यावर आठवलेली लग्नगडी आज तशीच राहिलेली नाही, पण उचल आणि लग्न यांचं नातं संपलेलं नाही.

हे सगळं अजून कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि वारली रेघेला याहून सोयीचा विषय मिळणं कठीण. द्राक्षाची बाग म्हणजे तारांची जाळी. म्हशांच्या जाळ्याइतकीच दाट, आणि तिच्यातही दर घर वेगळं, कारण वेल माणसाचं ऐकत नाही. मांडवाखाली विरळणी करणाऱ्या बाया दिवसभर हात वर करून, मान मागे टाकून उभ्या असतात. दोन त्रिकोणांचं शरीर अशा वेळी नेमकं कुठे मोडतं, हे त्यांनाच माहीत. हे काम शिकवायला बाहेरचा कलाशिक्षक लागत नाही. पाड्यावर लग्नचौक लिहिणाऱ्या बाया अजून आहेत, फक्त त्यांना कुणी शाळेत बोलावत नाही. त्यांना मानधन देऊन बोलवावं, त्यांच्याकडून काडी चावायला, पीठ कालवायला, न दिसणारी ओली रेघ ओढायला शिकावं, आणि विषय मुलांवर सोडावा. आश्रमशाळेची एक भिंत त्यासाठी शेणामातीनं सारवून द्यावी. आईबाप बागेवरून परततात ते उन्हाळ्यात, खुडा आटोपल्यावर. लग्नंही त्याच दिवसांत असतात, म्हणून त्या बायकांचा हात तेव्हा चालता असतो, आणि बागेवरून आलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बाग ताजी असते. भिंत तेव्हाच सारवावी.